आक्का, तुझा न भांडण्याचा नेम

आक्का, गेलं वर्षभर तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस. परवा तुझ्या घरी भेटायला आलेल्या बायका मला म्हणत होत्या, "शेवटच्या वर्षात तुमचं दोघींचं किती ग्वाड झालं हो, आवाज म्हणून चढला न्हाई." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार, की आपल्या ओळखीतलं ते सगळ्यात कडू वर्ष होतं, आणि ते तू ठरवून, हात जोडून, चारचौघांत मागून घेतलं होतंस?

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. साताऱ्याच्या कॉलेजात मी फिजिक्सला, तू मराठीला, वसतिगृहात खोली एक. तू एका वर्षानं मोठी म्हणून मी आक्का म्हणायला लागले, मग सगळं वसतिगृहच म्हणायला लागलं. त्याच वर्षी आपली सहल औंधला गेली. यमाईचा डोंगर चढताना तू मला एक गोष्ट सांगत होतीस, त्यात वाटेवरचे दगड आपापसात बोलत होते. मी म्हटलं, दगडाला घसा नाही, तो बोलणार कशानं? तू तिथंच पायरीवर बसलीस. "कशानं बोलतोय ते ऱ्हाऊ दे. काय बोलतोय ते ऐक की आदी." मी म्हटलं, कशानं ते कळल्याशिवाय मी ऐकणार नाही. बाकीच्या मुली दर्शन घेऊन खाली उतरल्या तरी आपण अर्ध्या वाटेवरच होतो. देवीला न भेटता परतल्याबद्दल मला घरी चांगलीच बोलणी बसली.

पुढं आयुष्यभर आपण तेच केलं. मी साताऱ्यात फिजिक्स शिकवत राहिले, विज्ञानकथांवर लिहायला लागले, आणि मग पुण्याच्या पुरस्कार समित्यांवर परीक्षक म्हणून मला बोलावणी यायला लागली. तू सांगलीत हळदीच्या पेढीवाल्यांच्या घरात पडलीस आणि माधवनगरचं वाचनालय हाती घेतलंस. गिरणी कामगारांसाठी काढलेलं ते वाचनालय. गिरणीचा भोंगा कधीच बंद झाला होता, वाचनालयाला मात्र तू कुलूप लागू दिलं नाहीस. तिथं तू आपलं मंडळ जमवलंस, फक्त न घडलेल्या गोष्टी वाचणाऱ्यांचं. ताऱ्यांवरच्या, भविष्यातल्या, जादूच्या, काहीही चालेल. दर महिन्याला मी एसटीनं यायचे, आणि इस्लामपूर मागं पडलं की आज तुला कोणत्या मुद्द्यावर धरायचं याची मनात जुळणी सुरू व्हायची.

वाचनालयाच्या दारासमोर एक काचेचं कपाट आहे. त्याच्या मधल्या खणात एकच पुस्तक उभं ठेवायचं, तोंड दाराकडं, असं आपण ठरवलं. आत येणारा पहिल्यांदा तेच बघणार, पोरं तेच मागणार. पण ते पुस्तक कोणतं, हे कोण ठरवणार? यावर पहिल्याच वर्षी डोकी फुटायची वेळ आली. माझं म्हणणं सरळ होतं, जाणकार तिघांची समिती नेमा. तू म्हणालीस, समिती नको, सवाल करू.

तुमच्या बस्तीत, म्हणजे जैन देवळात, अभिषेकाचा मान कुणाचा यासाठी सवाल होतो, म्हणजे बोली लागते, आणि दरवर्षी तोच मान त्याच घरात जातो, याचा तुला लहानपणापासून राग होता. तू स्वतः पेढीवाल्यांच्या घरात गेलीस तरी तो गेला नाही. "आपल्यात पैशाचा सवाल न्हाई करायचा," तू म्हणालीस, "नेमाचा करायचा." चातुर्मासात तुमच्यात काही ना काही सोडण्याचा नेम घेतात; कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप. तेच तू पुस्तकांना लावलंस. ज्याला आपलं पुस्तक काचेत बसवायचं आहे त्यानं आषाढातल्या बैठकीत उभं राहायचं, आणि त्या पुस्तकासाठी पुढच्या आषाढापर्यंत काय सोडणार ते सांगायचं. ज्याचं सोडणं त्याला सगळ्यात जड असं मंडळाचं मत पडेल, त्याचं पुस्तक वर. नेम मोडला की पुस्तक खाली.

मी पोट धरून हसले. हे विज्ञानकथेचं मंडळ आहे की देऊळ, असं विचारलं. तू शांतपणे शेंगा सोलत म्हणालीस, "तुझी पुण्याची कमिटी काय सोडती गं पुस्तकापायी? दुपारची झोप?"

आणि तुझा सवाल चालला, आक्का. माझा विरोध असूनही चालला. बिरू सर आठवतात? जतकडचे, हायस्कुलात भूगोल शिकवणारे, वाडवडील मेंढरं घेऊन फिरलेले. आभाळात मेंढरं चारणाऱ्या एका माणसाची कादंबरी होती त्यांची लाडकी. तिच्यासाठी त्यांनी मटण सोडलं, तेही ऐन आखाड लागताना. तू म्हणालीस, "बिरू, मी जल्मात मटन खाल्लं न्हाई. तुझं सोडणं किती जड ते मी कशावर तोलू?" सर कळवळून म्हणाले, "आवं आक्का, माझ्या बायकोला इचारा. घरातली सगळी रस्सा वरपत्यात आन् मी भाकरीसंगं दही खात बसणार हाय." ते जिंकले. त्या वर्षी पोरांनी ती कादंबरी इतकी नेली की तिची बांधणी नव्यानं करावी लागली. माझ्या कोणत्याही समितीनं निवडलेल्या पुस्तकाचं असं झालेलं मी पाहिलेलं नाही. हे मी तेव्हा तुला बोलून दाखवलं नाही, तू डोक्यावर बसली असतीस.

एकदा मीही जिंकले. लघुग्रहाच्या पोटात खाण खणणाऱ्या कामगारांची, श्वासालाही रेशन असलेली ती कादंबरी माझी. तिच्यासाठी मी चहा सोडला आणि कॉलेजातल्या पहिल्या तासाची मुलं वर्षभर माझ्या शिव्या खात राहिली.

तू मात्र दर वर्षी हरलीस. पुस्तक एकच, कधी बदललं नाहीस. त्यात भाऊ जमिनीची वाटणी करतात आणि जमिनीबरोबर घरातल्या सावल्याही वाटून घेतात. बहिणीच्या वाट्याला सावली येत नाही, म्हणून ती स्वतःची सावली शोधायला निघते. लिहिणाऱ्या बाईनं आयुष्यात तेवढं एकच पुस्तक लिहिलं, आणि कुणी त्यावर दोन ओळी लिहिल्या नाहीत. तू त्याच्यासाठी गूळ सोडलास, दूध सोडलंस, एका वर्षी तर संध्याकाळचं जेवणच सोडलंस. पण लहानपणापासून तू इतके नेम केलेले, की तुझं कोणतंच सोडणं कुणाला जड वाटायचं नाही. "आक्कांना काय, त्यांना सवय हाय," म्हणून लोक दुसऱ्याला मत द्यायचे. स्वतःच केलेल्या नियमात तू अशी अडकलीस, आणि मी त्यावर तुला मनसोक्त चिडवलं.

त्या पुस्तकावरून आपण जे भांडलो ते दुसऱ्या कशावरून नाही. मी म्हणायचे, त्या जगाचे नियमच पक्के नाहीत. पहिल्या भागात सावली भर दुपारी विकता येत नाही, आणि तिसऱ्या भागात बाजारात दुपारीच विकतात. शेवटी ती बहीण रडते आणि सावली परत येते. हा काय शेवट झाला? ज्याला या प्रकारातलं काही कळतं तो हे पुस्तक निवडणार नाही. तू म्हणायचीस, कळणारे कोण ते कुणी ठरवलं? "तुमी पाचजण एका खोलीत बसता, इज्ञान बराबर हाय का त्ये तपासता. बाईनं लिवलेलं आसलं की परीकथा म्हणून बाजूला ठेवता. वाचून माणूस रडलं का, त्ये कोण तपासणार?" मी म्हटलं, रडणं हाच निकष असेल तर टीव्हीवरच्या मालिका सगळ्यात थोर. तू लगेच म्हणालीस, "मालिकेपायी कोण मीठ सोडतंय?"

 

पण एकदा मीही तुला अडवलं. तुझ्या स्वयंपाकघरात आपण बसलो होतो, तू पोहे परतत होतीस. मी विचारलं, ज्याच्याकडं सोडायला काहीच नाही त्याचं काय? चहा, गूळ, दूध ज्याच्या घरात आधीपासूनच नाही, त्याला आवडलेलं पुस्तक काचेत कधी जाणार? तुझा सवाल म्हणजे पुन्हा असलेल्यांचाच झाला की. तुझा हात थांबला. पोहे खाली लागले. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी तू म्हणालीस, "ह्याचं उत्तर देतो मी. गडबड करू नगंस." तुमच्याकडच्या बायकांसारखी तू कायम 'मी येतो, मी देतो' म्हणायचीस. इतकी वर्षं सातारकरणीशी भांडूनही ते गेलं नाही.

उत्तर येण्याआधी तुझं दुखणं आलं. मूत्रपिंडं थकली. डायलिसिस सुरू झालं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं, मग डाळ, शहाळं, फळं, पाणीसुद्धा मोजून. गेल्या आषाढातल्या बैठकीला तुझा मुलगा भरत तुला हाताला धरून घेऊन आला. चेहरा उतरलेला, पातळ अंगावर लोंबणारं. तू नुसती बसायला आलीयस असं मला वाटलं. मी माझ्या लघुग्रहाच्या कादंबरीसाठी पुन्हा उभी राहिले आणि जाहीर केलं, की वर्षभर पुण्याच्या कोणत्याही समितीवर बसणार नाही. मला ते किती जड ते सगळ्यांना माहीत होतं. बिरू सरांनी तर माझं पुस्तक काचेकडं न्यायला उचललंसुद्धा.

तेव्हा तू भरतच्या खांद्याचा आधार घेऊन उठलीस. "माझं सगळं डॉक्टरनं काढून घेतलंय," तू म्हणालीस. "जे आपलं ऱ्हायलंच न्हाई, त्ये सोडलं म्हणता येत न्हाई." मग जरा दम खाल्लास. "एक ऱ्हायलंय. ह्या पुस्तकासाटी मी वर्सभर उषासंगं वाद घालणार न्हाई."

लोक आधी हसले. मीही हसले. हसायचे थांबले ते पहिल्यांदा बिरू सर. "आवं आक्का," ते म्हणाले, "ह्यो नेम नगा घेऊ." मग कुणालाच हसू येईना. मत घ्यायची गरज पडली नाही. सरांनी माझं पुस्तक खाली ठेवलं आणि सावल्यांचं पुस्तक काचेत उभं केलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

मी तावातावानं म्हटलं, हे चालणार नाही, वाद दोघींचा आहे, तो एकटीनं कसा सोडता येईल? तुझे डोळे चमकले. तोंड उघडलंस. उत्तर तयार होतं तुझ्याकडं, मला दिसलं ते. आणि तू ओठ मिटलेस, हात जोडलेस आणि म्हणालीस, "व्हय बाई, तुझं बराबर हाय." तुझ्या तोंडून हे वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि मंडळाला वाटलं मी हरले म्हणून रडतेय.

माझ्याशी भांडणं तुला इतकं प्रिय आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तू मला हे सरळ कधीच सांगितलं नसतंस, आणि मीही विचारलं नसतं. एसटीत बसल्यावर इस्लामपूरपर्यंत मला सुख वाटत होतं. त्यापुढं साताऱ्यापर्यंत धास्ती वाटत राहिली, कारण तू नेम मोडणारी नव्हेस हे मला पुरतं माहीत होतं.

मी काय काय करून पाहिलं, तुला आठवतंय ना? फोनवर म्हटलं, अद्भुतकथा ही फक्त लहान मुलांसाठीच असते. तू म्हणालीस, "आसंल." म्हटलं, मराठीत वाचण्यासारखी विज्ञानकथा पुढची पन्नास वर्षं होणार नाही. "बगू." म्हटलं, तुझं सावल्यांचं पुस्तक रद्दीत घालायच्या लायकीचं आहे.  मग तू विचारलंस, "जेवलीस का?"

आणि मग ती दवाखान्यातली दुपार. मी वॉर्डाच्या दाराशी आले तर आतून तुझा आवाज. तू नर्सबाईशी भांडत होतीस, कुठल्याशा मालिकेत नायक मागच्या काळात जातो त्यावरून. "मागं गेला तर आईला कसा वळखणार त्यो? जरा इचार कर की!" अगदी तीच, पायरीवर बसलेली आक्का. मी बाहेर उभी राहून ऐकत राहिले. किती महिन्यांनी ऐकत होते! मग आत आले, तू मला पाहिलंस आणि गरीब गाय झालीस. "ये, बस. ऊन लय हाय न्हवं?"

माझा संताप झाला, आक्का. मी म्हटलं, नर्सशी भांडतेस, डॉक्टरशी भांडतेस, मीच तेवढी काय पाप केलंय? मला नको तुझा हा शहाणपणा. मंडळाकडून तुला नेमातून सोडवून घेते. तू सुया टोचून निळा पडलेला हात माझ्या हातावर ठेवलास. "नेम मोडला की पुस्तक खाली येणार. येऊ दिऊ? पोरी वाचाय लागल्यात त्ये." मी म्हटलं, पुस्तक मोठं की मी? तू उत्तर दिलं नाहीस, कारण ते दिलं असतंस तर वाद झाला असता.

नंतर मी घरी बसून विचार केला. ज्याच्याकडं सोडायला काही नाही त्याचं काय, असं मी विचारलं होतं. तुझं सगळं गेल्यावरही तू सोडायला एक गोष्ट शोधून काढलीस. म्हणजे तू मला उत्तर दिलंस की काय? मला ते पटलेलं नाही. तुझ्याकडं निदान मी होते. ज्याला भांडायलाही कुणी नाही, त्याचं काय? यावर तू काहीतरी म्हणाली असतीस. काय, ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. उन्हाळ्यात तुझं पुस्तक मी पुन्हा वाचलं, चुका काढायलाच घेतलं होतं. ती बहीण शेजारणीच्या फाटक्या सावलीला दोरा घालून देते, स्वतःला सावली नसताना, ते पान मी सातारच्या स्टँडवर वाचलं. इतकी रडले की शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढं केली आणि माझी गाडी निघून गेली. हे तुला फोनवर सांगावं असं वाटलं होतं. पण सांगितलं असतं तर तू नुसतं "व्हय का?" म्हणाली असतीस. मला तुझं जिंकलेलं हसू हवं होतं, टाळी हवी होती, "बग, म्हटलं न्हवतं?" हवं होतं. म्हणून आषाढाची वाट बघायची असं ठरवलं. आषाढ जवळच आला होता.

बैठक तोंडावर असताना भरतचा फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तुझ्या तोंडावर काहीही त्रास नव्हता, सगळे तेच म्हणत होते, शांत गेल्या. मला तुझं ते शांत तोंड बघवत नव्हतं.

काल बैठक झाली. तुझ्या पुस्तकाचं वर्ष पुरं झालं होतं. बिरू सरांनी ते पुसून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आक्कांच्या पुस्तकासाटी कोण हुबं ऱ्हाणार?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं मी तुझ्या बाजूनं बोली लावणार. लावणार कशाची? मला सगळ्यात जड जाईल असं जे होतं, ते माझं राहिलंच नव्हतं. शिवाय मी त्या पुस्तकाला खरंच वर चढवते की तुझ्या जाण्याला, हे माझं मलाच सांगता आलं नसतं, आणि असलं दयेचं मत तू माझ्या तोंडावर फेकलं असतंस.

म्हणून मी म्हटलं, आक्कानं नेम शेवटपर्यंत पाळला, पुस्तक मानानं खाली येऊ दे. आणि मग मी त्या पुस्तकाविरुद्ध बोलले. सगळे मुद्दे, एकेक करून. दुपारच्या सावल्यांचा, तिसऱ्या भागाचा, रडून मिळवलेल्या शेवटाचा. दर मुद्द्यानंतर मी थांबत होते, आपोआप, सवयीनं. शेवटी स्टँडवरचं ते रडणंही सांगून टाकलं.  बिरू सर डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, आता आक्कांनी काय उत्तर दिलं आसतं?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, पण तुझं पुढचं वाक्य मला एकदाही आधी ओळखता आलेलं नाही.

नेम सुटलाय, आक्का. उषा, तू चुकतीयस, असं एकदा म्हण.